शोकेसमधला ड्रॅगन खेळाच्या पटावर आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या शोकेसमध्ये शोभेचे तीन ड्रॅगन आहेत. पहिला रेझिनचा, लाल रंगाचा, पंख पसरून पडक्या बुरुजावर बसलेला आणि बुरुजासकट सुमारे २२ सेंटिमीटर उंच आहे. दुसरा प्यूटर या कथिलाच्या मिश्रधातूचा, तळहातावर मावेल एवढा असून त्याने पुढच्या पायांत काचेचा गोळा धरला आहे. तिसरा फेंगशुईच्या वस्तूंच्या दुकानातून आणलेला, शरीर कासवाचे आणि डोके ड्रॅगनचे अशा घडणीचा आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या, प्रत्येकाने एकेक पात्र वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर चाललेल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सत्रांच्या सलग कथेत, पात्रांची गाठ लवकरच प्रौढ लाल ड्रॅगनशी पडणार आहे. विकतची मोठी मिनिएचर (पटावर मांडायची प्राण्याची प्रतिकृती) न घेता या मूर्तींवर भागेल का, त्यांचे प्रमाण खटकेल का, आणि कापाकापी व रंगकाम करावे का, हे प्रश्नकर्त्याला जाणून घ्यायचे आहे.

तिन्ही मूर्ती चालतील, मात्र तिघींना एकच काम देता येणार नाही. मूर्ती किती देखणी आहे हा विचार थोडा बाजूला ठेवावा लागतो, कारण पटावर आल्यावर तिच्यावर वेगळी जबाबदारी येते. हा प्राणी नेमका कुठे उभा आहे, किती घरे व्यापतो, कोण त्याच्या टप्प्यात आहे आणि कोण नाही, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला न विचारता दिसले पाहिजे. शोभेची मूर्ती घडवणाऱ्या कलाकाराने हा हिशेब केलेला नसतो. त्याने ती समोरून पाहण्यासाठी घडवलेली असते, तर खेळाडू तिच्याकडे वरून आणि चारही बाजूंनी पाहतात. हे अंतर भरून काढले की शोकेसमधली मूर्ती महागड्या मिनिएचरइतकीच चोख काम करते.

हा मार्ग कमी दर्जाचा आहे अशी शंका मनात असेल, तर ती काढून टाकावी. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली प्रसिद्ध झाला, पण त्याआधीच, १९७१ च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळाच्या काळात, या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या गावी आपल्या घराच्या तळघरात वाळूच्या टेबलावर काल्पनिक लढाया खेळत असत. त्या वेळी ड्रॅगनच्या तयार मिनिएचर बाजारात सहज मिळत नव्हत्या, म्हणून त्यांनी स्टेगोसॉरस डायनासोरचे प्लॅस्टिकचे खेळणे घेतले आणि त्यात फेरफार करून ड्रॅगन बनवला. स्वस्त वस्तूंच्या दुकानात मिळालेल्या, हाँगकाँगमध्ये बनलेल्या विचित्र प्लॅस्टिक प्राण्यांच्या पाकिटातून तर रस्ट मॉन्स्टर, आउलबेअर आणि बुलेट हे या खेळातले तीन सुप्रसिद्ध प्राणी जन्मले. आधी खेळणे हातात आले आणि नंतर त्याचे नियम लिहिले गेले. मूर्ती पाहून प्राणी ठरवण्याची ही रीत खेळाच्या मुळाशीच आहे, आणि पुढे तुमच्या तिसऱ्या मूर्तीच्या बाबतीत आपल्याला तिचाच उपयोग होणार आहे.

आता मापे पाहू. ग्रिडवर, म्हणजे पटावरच्या चौकोनी घरांच्या जाळीवर, एक इंचाचे घर म्हणजे खेळातले ५ फूट, अर्थात प्रमाण १ ला ६०. सहा फुटी माणूस या हिशेबाने साधारण ३० मिलिमीटरचा होतो, आणि बाजारातल्या २८ ते ३२ मिलिमीटरच्या मिनिएचर त्याच्याशी जुळतात. मध्यम आकाराचा प्राणी एक घर घेतो, ‘लार्ज’ प्राणी २ × २, ‘ह्यूज’ ३ × ३ आणि ‘गार्गॅन्टुअन’ ४ × ४ किंवा त्याहून अधिक घरे घेतो. लाल, निळ्या, सोनेरी अशा, खेळात ‘खरे’ म्हटल्या जाणाऱ्या ड्रॅगनांच्या वयाच्या चार पायऱ्या याच क्रमाने येतात. पिल्लू मध्यम, तरुण लार्ज, प्रौढ ह्यूज आणि अतिप्राचीन गार्गॅन्टुअन. म्हणजे तुमच्या प्रौढ लाल ड्रॅगनला पटावर तीन इंचांचा, सुमारे ७६ मिलिमीटरचा चौरस हवा.

अनेकांचा गोंधळ इथे होतो, कारण ते मूर्तीची उंची किंवा नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी मोजतात. नियमांत प्राण्याची ‘जागा’ म्हणजे त्याच्या शरीराचे माप नसून लढाईत तो ताब्यात ठेवतो तेवढी जमीन असते. म्हणून मोजायचा तो मूर्तीचा तळ. कागदावर एक इंचाच्या रेघा आखाव्यात, मूर्ती त्यावर ठेवावी आणि पेन्सिल उभी धरून पायांभोवती किंवा बैठकीभोवती रेघ ओढावी. पाय आणि पोट ज्या चौरसात बसते तो तिचा चौरस. शेपटीचे टोक, पंखांची टोके, पुढे आलेली मान बाहेर राहिली तर हरकत नाही.

उभ्या प्रमाणाबद्दल एवढी काळजी करू नये. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर सिंहासनावर बसलेले महाराज बहुतेक वेळा किल्ल्याच्या दरवाजापेक्षा उंच असतात आणि मावळ्यांच्या मापाशी त्यांचा मेळ बसत नाही, तरी किल्ला पाहणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण कोण कुठे आहे आणि कोणाचे महत्त्व किती हे लगेच कळते. पटावरचा ड्रॅगनही तसाच आहे. तो नियमातल्या अंदाजापेक्षा दीडपट मोठा दिसला तर भीती वाढते, हा लाभच आहे. फक्त त्याचा तळ खोटा असता कामा नये.

पहिली, बुरुजावरची लाल मूर्ती याच कसोटीवर अडते. अशा मूर्तींचा तळ बुरुजामुळे पसरट असतो आणि २२ सेंटिमीटर उंचीच्या मूर्तीत तो दहा-अकरा सेंटिमीटर भरणे साहजिक आहे. तसे असेल तर तो ४ × ४ घरांचा झाला, म्हणजे गार्गॅन्टुअन. तेव्हा ड्रॅगनलाच अतिप्राचीन करून टाकावे असा मोह होईल, पण तो टाळावा. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या प्राण्यांच्या अधिकृत पुस्तकाप्रमाणे (इथले प्राण्यांचे आकडे त्यातलेच आहेत) प्रौढ लाल ड्रॅगनचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागणे किती कठीण याचा आकडा, १९ आणि हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार सोसतो याचा आकडा, २५६ आहेत, अतिप्राचीनाचे २२ आणि ५४६. मूर्तीच्या तळासाठी एवढा फरक पात्रांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. दुसरा पर्याय म्हणजे आकडे प्रौढाचे ठेवून जागा तेवढी ४ × ४ धरणे. त्याने खेळ बिघडत नाही, मात्र परिणाम समजून घ्यावा. ३ × ३ चौरसाभोवती लगतची १६ घरे असतात, ४ × ४ भोवती २०. म्हणजे ड्रॅगनला वेढायला चार जास्त जणांना जागा मिळते आणि ड्रॅगनचा टप्पाही तेवढाच पसरतो. हे खेळाडूंना आधी सांगून टाकावे.

माझी पसंती तिसऱ्या पर्यायाला आहे. बुरुज हा बुरुजच मानावा. लढाई सुरू होताना ड्रॅगन आपल्या गुहेतल्या पडक्या बुरुजावर बसलेला आहे, आणि मूर्ती बुरुजासकट पटावर ठेवलेली आहे. बुरुजाखालची घरे ही चढून जायची जागा आहे, तिची उंची तुम्ही ठरवा. २० फूट ठीक वाटते. ड्रॅगनने पहिल्यांदा झेप घेतली की मूर्ती उचलून टेबलाच्या कडेला, सर्वांना दिसेल अशी ठेवावी, तिच्या जागी पुठ्ठ्याचा किंवा पुस्तकांचा सपाट बुरुज मांडावा आणि ड्रॅगनसाठी ३ × ३ इंचांची लाल कार्डबोर्डची चकती फिरवावी. प्रौढ लाल ड्रॅगन एका पाळीत ८० फूट, म्हणजे १६ घरे उडतो. एवढी जड मूर्ती दर पाळीला उचलून पटभर नाचवण्यात मिनिएचर पडतात, आणि कधीतरी पंखही मोडतो. पहिल्या दर्शनाचा धाक मूर्तीने निर्माण केला की पुढची हालचाल चकतीने करण्यात काहीच गमावले जात नाही.

बुरुज कापून ड्रॅगन सुटा करण्याचा विचार तुम्ही मांडला आहे. तो अशक्य नाही, पण त्याआधी मूर्ती उलटी करून पाहावी. तळाशी कलाकाराची सही, क्रमांक किंवा निर्मात्याचे नाव असेल तर करवत खाली ठेवावी. इंग्लंडमधल्या ‘एन्चांटिका’ मालिकेतले रेझिनचे किंवा अमेरिकेतल्या ‘विंडस्टोन एडिशन्स’चे जिप्समचे ड्रॅगन संग्राहक जपून ठेवतात, आणि एकदा कापलेली मूर्ती पुन्हा संग्रहाची राहत नाही. शिवाय कोणाच्याही मूर्तीचा साचा काढून तिच्या प्रती बनवू नयेत, मग त्या घरच्या खेळासाठी का असेनात. मूर्ती विकत घेतली म्हणून तिची नक्कल करण्याचा हक्क आपल्याकडे येत नाही.

कापायचेच असेल तर आधी पदार्थ ओळखावा, कारण सगळी कृती त्यावर अवलंबून आहे. शोभेच्या वस्तूंतले रेझिन हे बहुधा दगडाची बारीक भुकटी मिसळलेले पॉलिस्टर रेझिन असते. ते हाताला जड आणि थंड लागते, तळाशी टोकदार वस्तूने ओरखडा काढला तर फिकट रेघ उमटते, आणि ते वाकत नाही, थेट तुटते. जिप्समच्या मूर्तीवर ओरखड्यातून पांढरी भुकटी सुटते आणि उघड्या भागावर ठेवलेला पाण्याचा थेंब आत जिरतो. सिरॅमिकची मूर्ती आतून पोकळ असते, तळाला भोक असते, आणि टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो. तिला कापण्याच्या किंवा भोक पाडण्याच्या फंदात पडूच नये, ग्लेझ तडकते. जर्मनीच्या श्लाइख किंवा फ्रान्सच्या पापो यांसारख्या कंपन्यांचे खेळण्यातले ड्रॅगन मऊ पीव्हीसीचे असतात. ते या कामाला फार सोयीचे, कारण हलके असतात, पडले तरी मोडत नाहीत, आणि वाकलेला पंख गरम पाण्यात धरून सरळ केला व लगेच गार पाण्यात बुडवला की तसाच राहतो.

रेझिन कापताना बारीक दात्यांची करवत वापरावी, पाते आणि मूर्ती ओली ठेवावी आणि तोंडाला धूळ रोखणारा मास्क लावावा. ती भुकटी फुप्फुसात जाण्यासारखी नाही. पाय बुरुजापासून एकदम कापू नयेत. आधी बुरुजाचा मोठा भाग काढावा आणि नखांखाली दगडाचा पातळ थर राहू द्यावा. तो थर नंतर नव्या बैठकीत बेमालूम मिसळतो आणि नाजूक बोटे शाबूत राहतात. पंख किंवा शिंग तुटले तर नुसत्या फेव्हिक्विकवर भिस्त ठेवू नये. दोन्ही तुकड्यांत एक मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पेपरक्लिपच्या तारेचा तुकडा बसवावा, अॅराल्डाइटने जोडावे आणि फट एम-सीलने भरून ओल्या बोटाने गुळगुळीत करावी. एम-सील ओले असतानाच सुईने खवल्यांच्या रेषा ओढल्या तर सांधा शोधून सापडत नाही.

नवी बैठक ही या साऱ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा किंवा अॅक्रिलिकचा अचूक तीन इंचांचा चौरस घ्यावा आणि त्यावर एक-एक इंचाच्या रेघा कोराव्यात, म्हणजे नऊ घरे वरूनही दिसतील. खाली पातळ फेल्ट चिकटवावे, नाहीतर जड मूर्ती व्हिनाइलच्या मॅटवर ओरखडे पाडते. मूर्ती बैठकीवर कायमची चिकटवायची नसेल तर ब्लू-टॅकसारखी पुन्हा काढता येणारी पुटी पुरते. सत्र संपले की मूर्ती परत शोकेसमध्ये जाते आणि घरात कोणाची तक्रार राहत नाही. गोल बैठकी सुंदर दिसतात, पण ग्रिडवर खेळत असाल तर चौरसच घ्यावी, कारण कोपऱ्यातले घर ड्रॅगनचे की मोकळे, हा वाद ती मिटवते.

रेघा कोरलेली बैठक का हवी, हे लढाईतल्या एका क्षणावरून कळेल. ड्रॅगन ३ × ३ वर उभा आहे, पंख दोन्हीकडे दोन-दोन इंच बाहेर आले आहेत, आणि एका खेळाडूची योद्धी डाव्या पंखाखाली, बैठकीपासून एक घर सोडून उभी आहे. डोळ्यांना ती ड्रॅगनला भिडलेली वाटते. पण जागा बैठकीवरून मोजायची, त्यामुळे ती १० फुटांवर आहे. पाच फूट टप्प्याच्या पंज्यांपासून ती सुरक्षित आहे, १० फूट टप्प्याच्या जबड्यापासून मात्र नाही आणि १५ फूट टप्प्याच्या शेपटीपासूनही नाही. ड्रॅगनने पंखांचा ‘लेजेंडरी’, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीनंतर मारता येणारा, फटका मारला तर तो १० फुटांपर्यंत लागतो, म्हणजे ती त्यातही सापडते. तिच्या तलवारीचा टप्पा पाच फुटांचा असल्यामुळे तिला स्वतःला मात्र एक घर पुढे यावे लागेल. हा सारा हिशेब नऊ घरांच्या रेघांवरून चटकन होतो, आणि पंखांकडे पाहून केला तर हमखास चुकतो. पंखाखालच्या मिनिएचर दिसत नसतील तर त्यांच्याऐवजी रंगीत सपाट चकत्या ठेवाव्यात.

याच ठिकाणी एक नियम पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. शत्रू दोन किंवा अधिक आकारांनी मोठा असेल तर त्याच्या जागेतून जाता येते, फक्त तिथे थांबता येत नाही आणि ती वाट खडतर भूमी म्हणून दुप्पट खर्चाची धरली जाते. मध्यम आणि ह्यूज यांत दोन पायऱ्या आहेत, म्हणून मध्यम आकाराचे पात्र प्रौढ ड्रॅगनच्या पोटाखालून पलीकडे जाऊ शकते. तरुण, लार्ज ड्रॅगनच्या बाबतीत ते शक्य नाही. खेळाडूंना ही वाट सुचावी असे वाटत असेल तर बुरुज काढलेली, चार पायांवर उभी मूर्ती फार उपयोगी पडते. पोटाखाली मोकळी जागा दिसली की तिथून पळण्याची कल्पना कोणाला तरी सुचतेच.

शोभेच्या ड्रॅगनची मान बहुधा डौलदारपणे मागे वळलेली असते, आणि मग फुत्कार कोणत्या दिशेला जाणार असा प्रश्न हमखास निघतो. पाचव्या आवृत्तीत मूर्तीचे तोंड कुठे आहे याला महत्त्व नाही. फुत्कार ड्रॅगनच्या जागेच्या कोणत्याही कडेपासून, त्याला हव्या त्या दिशेला निघतो. प्रौढ लाल ड्रॅगनचा अग्निफुत्कार ६० फुटांचा शंकू आहे आणि शंकूची रुंदी त्या ठिकाणापर्यंतच्या लांबीएवढी असते, म्हणजे पटावर तो १२ इंच लांब आणि टोकाशी १२ इंच रुंद होतो. म्हणजे साधारण दोन फुटी मॅटच्या निम्म्या लांबीएवढा. हा त्रिकोण जाड पुठ्ठ्याचा कापून लाल रंगवून ठेवावा. मूर्तीला टेकवून तो पटावर ठेवला की कोण जळले आणि कोण वाचले यावर चर्चा होत नाही, आणि शोभेच्या मूर्तीचे वळलेले तोंडही कोणाला खटकत नाही.

उड्डाण दाखवण्यासाठी बाजारात पारदर्शक अॅक्रिलिकचे खांब मिळतात. ते हलक्या पीव्हीसी किंवा पोकळ प्लॅस्टिकच्या मूर्तींसाठी ठेवावेत. रेझिनची किलोभराची मूर्ती खांबावर चढवणे धोक्याचे आहे. तिच्या बैठकीशेजारी एक मोठा फासा ठेवून त्यावर उंची दाखवावी, दर अंकाला १० फूट.

प्यूटरच्या लहान मूर्तीकडे वळू. तळहातावर मावणाऱ्या अशा मूर्तीचा तळ साधारण दोन इंचांत बसतो, म्हणून ती तरुण ड्रॅगनच्या कामाची आहे. तिला रंगवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. धातूचा मूळ रंग हा रुपेरी ड्रॅगनचा रंग आहे, आणि रुपेरी ड्रॅगन माणसांचे मित्र असल्यामुळे हातातला काचेचा गोळाही अर्थपूर्ण होतो. दूरदर्शी गोळा बाळगणारा तरुण रुपेरी ड्रॅगन पात्रांना लाल ड्रॅगनच्या गुहेची बातमी देतो, एवढ्यावर एक सुंदर सत्र उभे राहते. एक सावधगिरी मात्र पाळावी. जुन्या प्यूटरमध्ये शिसे असू शकते, आणि मिनिएचरच्या धंद्यातही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शिशाचे मिश्रधातू सर्रास वापरले जात. मूर्ती जुनी असेल तर ती कानशीने घासू नये, लहान मुलांच्या हाती देऊ नये, आणि खेळताना फराळ चालू असेल तर हात धुऊन घ्यावेत.

फेंगशुईच्या मूर्तीबद्दल तुम्ही संकोचाने विचारले आहे, पण तिन्हींत तीच मला सर्वांत आवडली. ही चिनी परंपरेतली ड्रॅगन-कासवाची मूर्ती आहे, आणि ‘ड्रॅगन टर्टल’ हा प्राणी मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये आहे. आकार गार्गॅन्टुअन, पाण्यात वेग ४० फूट, जमिनीवर २०, आणि ६० फुटांच्या शंकूत उकळत्या वाफेचा फुत्कार. दुकानातल्या या मूर्तीच्या तोंडात बहुधा नाणे असते आणि पायांखाली नाण्यांची रास. खेळातला ड्रॅगन टर्टलही जहाजे बुडवून खजिना गोळा करतो, तो गिळून नेतो आणि आपल्या विवरात ओकतो. एवढी तंतोतंत जुळणी घडवून आणणे कठीण, ती आयती मिळाली आहे. तळ चार इंचांपेक्षा लहान असेल तर चार इंचांच्या निळ्या अॅक्रिलिकच्या चौरसावर ठेवावी, उरलेली जागा आपोआप पाणी होते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती मूर्ती दिशा पाहून श्रद्धेने ठेवली असेल, तर हलवण्याआधी त्यांना विचारावे. खेळासाठी कोणाची श्रद्धा दुखावू नये.

याच दुकानांत बिनपंखांचे, सापासारखे लांब चिनी ड्रॅगन मिळतात. त्यांना जबरदस्तीने लाल किंवा काळा ड्रॅगन म्हणू नये. लांब, अनेक पायांचा, विजेचा फुत्कार टाकणारा ‘बेहिर’ हा ह्यूज प्राणी त्या घडणीला जास्त शोभतो, आणि मोठ्या पटाच्या मानाने त्याचा २० फुटांचा विजेचा पट्टा आटोपशीर असल्याने मध्यम पातळीच्या पात्रांसमोरही आणता येतो. दोन पाय आणि दोन पंख असलेली मूर्ती दिसली की ती वायव्हर्न समजावी. हा लार्ज प्राणी फुत्कार टाकत नाही, त्याचे विष शेपटीच्या नांगीत असते. भेटवस्तूंच्या दुकानांत जांभळ्या, हिरव्या, निळ्या चमकीचे जे ड्रॅगन रांगेने मांडलेले असतात, त्यांच्यासाठीही आता जागा आहे. २०२१ च्या ड्रॅगनविषयक अधिकृत पुस्तकात पाचव्या आवृत्तीसाठी रत्न-ड्रॅगन आले, त्यांत अॅमेथिस्ट, एमराल्ड, सफायर, टोपाझ आणि क्रिस्टल असे पाच प्रकार आहेत. अॅमेथिस्टचा फुत्कार शुद्ध बलाचा, एमराल्डचा मनावर आघात करणारा. जांभळी चमकी खरवडण्यापेक्षा अॅमेथिस्टचे पान उघडावे.

म्हणूनच रंगकामाबद्दल माझा सल्ला हात आखडता घेण्याचा आहे. रंग हा या खेळात संदेश असतो, अनुभवी खेळाडू लाल पाहून आगीपासून आणि निळा पाहून विजेपासून बचावाची तयारी करतात. मूर्तीचा रंग प्राण्याशी जुळत असेल तर संपूर्ण रंग बदलू नये. शोभेच्या मूर्तींचा खरा दोष म्हणजे त्या एकसारख्या चमकतात आणि वरून पाहिल्यावर खवले, स्नायू, पंखांच्या शिरा दिसत नाहीत. त्यावर थोडे उपाय पुरतात. मूर्ती कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुऊन वाळवावी. जिप्समची असेल तर नुसती ओल्या कापडाने पुसावी. मग गडद तपकिरी अॅक्रिलिक रंग भरपूर पातळ करून खाचांत सोडावा आणि उंचवट्यांवरून लगेच टिपून घ्यावा. तो वाळल्यावर फिकट नारिंगी रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने खवल्यांच्या कडांवरून हलकेच फिरवावा. कॅमल किंवा फेव्हिक्रिलचे साधे अॅक्रिलिक रंग यासाठी उत्तम आहेत, परदेशी बाटल्यांची गरज नाही. शेवटी मॅट व्हार्निशचा हात द्यावा. पीव्हीसीच्या खेळण्यांवर स्प्रे प्रायमर मारू नये. स्प्रेतले द्रावक आणि प्लॅस्टिक मऊ ठेवणारी रसायने यांची अनेकदा अशी प्रक्रिया होते की रंग महिनोन्महिने चिकट राहतो. त्यांवर ब्रशने लावायचा अॅक्रिलिक प्रायमरच योग्य.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात कोणताही स्प्रे हाती घेऊ नये. दमट हवेत मॅट व्हार्निशवर पांढरट धुके धरते आणि काळजीपूर्वक केलेले रंगकाम राखेसारखे दिसू लागते. तिथे बारमाही ब्रशनेच व्हार्निश लावावे, किंवा दसऱ्यापर्यंत थांबावे. जिप्समच्या मूर्तीही त्या चार महिन्यांत भिंतीला टेकून ठेवू नयेत, ओल धरून रंगाचे पापुद्रे सुटतात.

अलीकडे उलट्या धुराच्या उदबत्तीचे ड्रॅगनही बरेच विकले जातात, ज्यांच्या तोंडातून धूर खाली ओघळतो. प्रौढ ड्रॅगनच्या प्रवेशाला तो परिणाम विलक्षण साधतो, पण ती मूर्ती पटावर ठेवू नये. निखारा, तेलकट डाग आणि कागदी नकाशे यांची संगत बरी नव्हे. बाजूच्या स्टुलावर, पंखा बंद करून, पहिल्या काही मिनिटांपुरती पेटवावी, आणि कोणाला दमा असेल तर अजिबात नाही.

उरला ने-आणीचा प्रश्न. रेझिनची मूर्ती पंखांना धरून कधीही उचलू नये. हात नेहमी पोटाखाली किंवा बैठकीखाली घालावा. पुठ्ठ्याच्या खोक्यात जाड फोम घेऊन त्यात तिच्या आकाराचा खड्डा कापावा, मूर्ती आडवी ठेवावी, आणि पंखांच्या पोकळीत मऊ कापड भरावे, म्हणजे भार पंखांच्या सांध्यावर न येता सगळीकडे सारखा पसरतो. बसने किंवा लोकलने जात असाल तर खोके मांडीवर ठेवावे, वरच्या फळीवर नाही. आणि खेळाच्या ठिकाणी पोहोचल्यावर ते लगेच उघडू नये. ड्रॅगन गुहेत दिसतो त्या क्षणापर्यंत झाकण बंद ठेवावे.